खिडकीमागचा माणूस

वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या सुमारे २८४ किलोमीटरच्या लोहमार्गापैकी वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वाहतुकीस खुला झाला. यवतमाळ येथील समारंभात पंतप्रधानांनी ह्या मार्गावरील गाडीला हिरवा झेंडा दाखविला. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरातील माणसाला मुंबई-हावडा मार्गावरील गाडी गाठण्यासाठी आजवर एस.टी.ने धामणगाव, बडनेरा किंवा वर्धा गाठावे लागत आले, त्या जिल्ह्याला ह्या घटनेचे अप्रूप वाटावे हे स्वाभाविकच होते. हा मार्ग पुढे यवतमाळ, दिग्रस, पुसद ह्या बाजूने नांदेडकडे जावयाचा आहे. त्याचे भूसंपादन, त्यावरील पूल आणि बोगदे, वाढत गेलेला खर्च ह्यांची चर्चा वर्षानुवर्षे होत आली. नव्या स्थानकांवर माणसे किती असावीत आणि ती कोणती, ह्या प्रश्नाची चर्चा मात्र फारशी ऐकू येत नाही. रूळ पडल्यावर ते पाहता येईल, असे म्हणणे सोपे आहे. परंतु जो चालू शकत नाही, ज्याला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याच्या दृष्टीने स्थानकावर माणूस नसणे आणि स्थानकच नसणे ह्यांत फारसे अंतर उरत नाही.

यवतमाळकरांना कमी माणसांवर चाललेली रेल्वे नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंद मार्ग बांधला गेला, आणि पुढे 'शकुंतला' ह्या लाडक्या नावाने ती गाडी ओळखली जाऊ लागली. मार्गाची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे ह्या खाजगी कंपनीकडे आणि गाडी चालविण्याचे काम सरकारी रेल्वेकडे, अशी चमत्कारिक व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही टिकली. ह्या व्यवस्थेत मार्गावर खर्च करण्याचा उत्साह कोणालाच नव्हता. अखेरच्या काळात तर मोजके कर्मचारीच तिकीट विकण्यापासून इंजिन जोडण्या-सोडण्यापर्यंतची सारी कामे करीत. तरीही ती गाडी गरिबाची राहिली. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणाऱ्या गाडीला माणसासाठी थांबणे परवडते. म्हातारा चढेपर्यंत, काखेत कुबडी घेतलेला प्रवासी दाराची दांडी धरेपर्यंत कोणी शिटी देण्याची घाई करीत नाही. तेथे अपुऱ्या नोकरवर्गाची उणीव गाडीच्या संथपणाने भरून काढली होती.

शकुंतला आता धावत नाही, आणि नव्या ब्रॉडगेज मार्गावर तो संथपणा असणार नाही, असूही नये. परंतु लहान स्थानकावर गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते, तेव्हा त्या दोन मिनिटांत काय घडते हे पाहिले पाहिजे. आपल्याकडील उंच फलाटही रुळाच्या पातळीपासून ७६० ते ८४० मिलिमीटरच उंच असतो, आणि डब्याची भुई त्याहून जवळजवळ अर्धा मीटर वर राहते. कित्येक लहान स्थानकांवर फलाट याहूनही खाली, कोठे कोठे रुळाच्या बरोबरीने असतो. अपंगांसाठी राखलेला डबा बहुधा गाडीच्या एका टोकाला, गार्डाच्या डब्यास लागून. तो नेमका कोठे येईल हे फलाटावर सांगणारा कोणी नसेल, तर चाकाच्या खुर्चीतील प्रवाशाने इंजिनापासून शेपटापर्यंतचे अंतर दोन मिनिटांत कसे कापावे? आणि कापले, तरी अर्धा मीटरची चढण त्याला कोण चढविणार? लिफ्ट, सरकते जिने, पायाला जाणवणाऱ्या खुणेच्या फरशा ह्या सोयी मोठ्या स्थानकांवर होत आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या प्रवाशाला फलाटापर्यंत आणून सोडतात. फलाटापासून डब्यापर्यंतचे शेवटचे दोन हात अंतर आजही माणसाच्या हातानेच पार करावे लागते.

हे हात एकेकाळी स्थानकावर होते. हमाल होते, पाणीवाला होता, पॉइंट्समन होता, तिकीटबाबू होता. त्यांपैकी एखाद्याला हाक मारली की काम होत असे. ह्या मदतीचे कलम कोणत्याही नियमपुस्तकात ठळक नव्हते, म्हणूनच ती नाहीशी होताना तिची नोंदही कोठे झाली नाही. २००८ साली परवानाधारक हमालांना रेल्वेच्या नोकरीत सामावून घेण्याचा निर्णय झाला. त्या कष्टकऱ्यांच्या दृष्टीने तो न्याय्यच होता. परंतु त्यामुळे फलाटावरून जे हात गेले, त्यांच्या जागी दुसरे कोणते आणावेत ह्याचा विचार झाला नाही. १९९०-९१ मध्ये भारतीय रेल्वेत सुमारे साडेसोळा लाख कर्मचारी होते आणि वर्षाकाठी सुमारे ३८६ कोटी प्रवासी प्रवास करीत. २०१८-१९ मध्ये प्रवासी ८४४ कोटींच्या घरात गेले आणि कर्मचारी सव्वाबारा लाखांच्या आसपास उतरले. ह्या घटीपैकी काही भाग वाफेच्या इंजिनांबरोबर गेलेल्या कामांचा आहे, आणि त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु ज्या खात्यात काम दुप्पट झाले आणि माणसे चतुर्थांशाने घटली, तेथे कोणते काम न करताच सोडून दिले जाते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे एक उत्तर लहान स्थानकांच्या फलाटावर मिळते.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात कायद्यांची वाण नाही. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्याने वाहतुकीत भेदभाव होऊ नये असे सांगितले, पण त्याला 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाट ठेवली. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा याहून स्पष्ट आहे. त्याच्या ४१ व्या कलमात रेल्वे स्थानकांचा नामनिर्देश आहे, आणि स्वच्छतागृहे, तिकिटाच्या खिडक्या व तिकिटाची यंत्रे अपंगांना वापरता येतील अशी असावीत, असे तेथे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात, सुगम्यतेचे किमान नियम हे ऐच्छिक मार्गदर्शन नसून बंधनकारकच असले पाहिजेत, असे बजावले.

मात्र कायदा बारकाईने वाचणाऱ्यास एक गोष्ट खटकते. कायद्याने खिडकी सांगितली, यंत्र सांगितले. खिडकीमागचा माणूस सांगितला नाही. खिडकी योग्य उंचीवर बांधून ती कायमची बंद ठेवली, तरी मोजपट्टी लावणाऱ्या अधिकाऱ्याचे समाधान होऊ शकते. ही त्रुटी भरून काढण्याचा आधार आपल्याजवळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारावर भारताने २००७ साली मान्यतेची मोहोर उमटविली आणि ज्याच्या पूर्तीसाठी २०१६ चा कायदा केला, त्या कराराच्या नवव्या अनुच्छेदात सार्वजनिक इमारतींमध्ये प्रत्यक्ष माणसांचे साहाय्य उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य सांगितलेले आहे. वाटाड्या, वाचून दाखविणारा, खुणांच्या भाषेचा दुभाषी ह्यांचा त्यात उल्लेख आहे. साहाय्य करणारा माणूस हा सुगम्यतेचाच एक भाग होय, हे तत्त्व आपण स्वीकारलेले आहे. ते रेल्वेच्या आस्थापना-तक्त्यात उतरावयाचे तेवढे राहिले आहे.

नोकरीतील समानता

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू खिडकीच्या आत आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. स्थानकावरील बैठी कामे ही केवळ प्रवाशांची सोय नव्हेत. अपंगांना सन्मानाने करता येतील अशा सरकारी नोकऱ्यांपैकी ती महत्त्वाची आहेत. २०१६ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांत अपंगांसाठी निदान चार टक्के जागा राखल्या. परंतु टक्केवारी कशाची, हे विसरून चालत नाही. जागाच 'समर्पित' झाली, म्हणजे सरकारी भाषेत रद्द झाली, तर शून्याचे चार टक्के शून्यच. आणि जागा रद्द करून तेच काम कमिशनवर तिकिटे विकणाऱ्या प्रतिनिधीकडे किंवा ठेकेदाराकडे सोपविले, तर काम शिल्लक राहते पण राखीव जागा, पेन्शन आणि बदलीचा हक्क ही सारी कागदावरून पुसली जातात. आरक्षणास हात न लावता आरक्षण कमी करण्याचा ह्याहून सोपा मार्ग नाही.

याहून गंभीर गोष्ट सेवेत असताना अपंगत्व आलेल्यांची आहे. रेल्वेत इंजिनचालकाची दृष्टी ठरावीक कसोटीला उतरली नाही, ट्रॅकवर काम करणाऱ्याचा पाय गेला, तर त्याला मूळ कामावर ठेवता येत नाही. अशा कर्मचाऱ्यास काढून टाकता येणार नाही, किंवा त्याचा दर्जाही उतरविता येणार नाही, असे कायदा सांगतो. त्याला झेपेल अशा दुसऱ्या जागेवर सामावून घ्यावे लागते. ह्या दुसऱ्या जागा कोणत्या? तिकिटाची खिडकी, चौकशीचे टेबल, पार्सलचे कार्यालय, कारकुनी. आज ज्या जागांवर 'अनावश्यक' असा शिक्का मारला जातो, त्यांत त्याच आहेत. ज्यांनी रेल्वेसाठी आपले डोळे आणि पाय झिजविले, त्यांच्या आधाराची काठी अशा रीतीने काटकसरीच्या नावाखाली मोडली जात आहे. एकट्याने रात्रपाळी करावी लागणाऱ्या लहान स्थानकावरील स्त्री कर्मचाऱ्याची अडचणही ह्याच जातीची आहे. दोघांचे काम एकावर आले, की जो धडधाकट, पुरुष आणि घरच्या जबाबदारीतून मोकळा, त्यालाच ते जमेल असे मानले जाते. समान संधीचे तत्त्व कोणी रद्द करीत नाही. ते अशा तक्त्यांतून गळून पडते.

काटकसरीचा युक्तिवाद

रेल्वे प्रशासनाच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही, असे नाही. दिवसाकाठी एक-दोन गाड्या थांबणाऱ्या स्थानकावर तीन पाळ्यांत माणसे बसवून ठेवणे ही जनतेच्याच पैशाची उधळपट्टी ठरेल. मोबाइलवरील तिकिटामुळे रांगेत तिष्ठत उभे राहण्याचा त्रास वाचला आहे. बोलणाऱ्या फोनच्या साहाय्याने अंध तरुण स्वतः आरक्षण करतो, ह्यात त्याचे स्वातंत्र्य आहे, आणि ते हिरावून घेऊ नये. परंतु तिकीट म्हणजे प्रवास नव्हे. यंत्र पैसे घेऊन कागद देईल. गाडी दुसऱ्या फलाटावर येत आहे हे बहिऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगणार नाही. मोठ्या स्थानकांवर चाकाची खुर्ची आगाऊ मागविण्याची सोय आहे. ती मागणी लहान स्थानकावर कोणी स्वीकारावयाची? आपल्या एस.टी.चे उदाहरण येथे बोलके आहे. तिच्या खडखडाटाविषयी तक्रारी पुष्कळ, पण अपंगाला हात देऊन वर घेणारा वाहक गाडीतच असतो, म्हणून खेड्यातला अपंग माणूस तिच्यावर विसंबतो.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. २०२३ च्या जुलैत इंग्लंडमधील रेल्वे कंपन्यांनी स्थानकांवरील शेकडो तिकीटघरे बंद करण्याची योजना मांडली. बहुतेक तिकिटे आता तिकीटघरांबाहेरच विकली जातात, हाच त्यांचा मुद्दा होता. परंतु तेथे बंद करण्यापूर्वी लोकांचे म्हणणे मागविणे बंधनकारक होते. सुमारे साडेसात लाख लोकांनी आपले म्हणणे कळविले. अपंगांच्या संघटना त्यांत अग्रभागी होत्या. अखेर ३१ ऑक्टोबर रोजी सरकारने ती योजना मागे घेण्यास कंपन्यांना सांगितले. ह्या उदाहरणातून घेण्यासारखे आहे ते एवढेच, की तेथे प्रश्न आधी विचारला गेला. आपल्याकडे एखादी जागा रद्द होते ती कार्यालयीन पत्राने, आणि प्रवाशाला ते कळते बंद खिडकीवर हात आपटल्यावर.

म्हणून यवतमाळ जिल्ह्याने ही वेळ साधली पाहिजे. जुन्या स्थानकावरील गेलेली जागा परत मिळविणे कठीण. नव्या स्थानकाची आस्थापना ठरताना मागणी करणे त्या मानाने सोपे. जेथे जेथे गाडी थांबेल तेथे, निदान गाडीच्या वेळेपुरता, अपंगांना साहाय्य करण्याचे शिक्षण घेतलेला एक जबाबदार कर्मचारी असावा; त्याच्याजवळ चाकाची खुर्ची आणि डब्याला लावावयाचा सुटा उतार असावा. आदल्या दिवशी फोन करून वर्दी देता यावी. कोणतीही जागा रद्द करण्यापूर्वी, किंवा ती ठेक्यावर देण्यापूर्वी, अपंग प्रवासी व अपंग कर्मचारी ह्यांच्यावर होणारा परिणाम लेखी मांडून तो प्रसिद्ध करावा. ह्या मार्गाच्या खर्चात राज्य शासनाचाही वाटा आहे, आणि ह्याच शासनाने २०२२ च्या डिसेंबरात अपंगांसाठी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. रेल्वे केंद्राची, असे म्हणून त्या विभागाला हात झटकता येणार नाहीत.

२०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग मोजले. 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला, ह्याने फलाटाची उंची बदललेली नाही. यवतमाळचा एखादा अंध विद्यार्थी उद्या ह्या नव्या मार्गाने नागपूरला रेल्वेभरतीच्याच परीक्षेस निघेल. गाडीत त्याला कोणी बसवून देईल काय, आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर बसावयास त्याला खिडकी शिल्लक असेल काय, हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. त्यांचे उत्तर यवतमाळच्या स्थानकावर पहिली गाडी येण्यापूर्वी, आस्थापनेच्या तक्त्यावर सही होण्याच्या दिवशीच ठरावयाचे आहे.