मैदान गेले, खेळ नाही गेला

भगिनींनो, आज आम्ही तुम्हाला कारखान्यातल्या मुलींची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट विलायतेतील आहे, शंभर वर्षांपूर्वीची आहे. पण ज्या घरातील आई, मावशी, आत्या भोंगा वाजताच डबा घेऊन कामाला धावल्या आहेत, त्या घराला ती परकी वाटणार नाही.

इंग्लंडच्या लँकेशायर भागात प्रेस्टन हे कापड गिरण्यांचे गाव. तेथे डिक-कर कंपनीचा ट्राम आणि आगगाडीची सामग्री बनवणारा कारखाना होता. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यात तोफगोळे तयार होऊ लागले आणि यंत्रांवर बायका-मुली उभ्या राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत या मुली आवारात फुटबॉल खेळू लागल्या. कारखान्याच्या ऑफिसात काम करणारे आल्फ्रेड फ्रँकलंड यांनी त्यांचा खेळ पाहिला आणि संघ उभा करायचे मनावर घेतले. संघाचे नाव पडले डिक-कर लेडीज.

२५ डिसेंबर १९१७ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, गावातील डीपडेलच्या मैदानावर त्यांचा मोठा सामना झाला. समोर दुसऱ्या एका कारखान्यातील मुली होत्या. सुमारे १०,००० लोक पाहायला आले. डिक-करच्या मुलींनी ४-० असा विजय मिळवला आणि जमलेला पैसा जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी दिला.

युद्ध संपले. पुरुष परतले, बायकांना यंत्रांवरून उठवण्यात आले. पण फुटबॉल त्यांनी सोडला नाही. १९२० साली फ्रान्सच्या मुलींचा संघ त्यांच्याशी खेळायला आला, मग याही फ्रान्सला जाऊन आल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लष्कराचे सर्चलाइट आणून त्यांनी रात्री सामना खेळला. तो होता बेकार माजी सैनिकांच्या मदतीसाठी.

आणि त्याच नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर सेंट हेलेन्सच्या मुलींविरुद्ध त्या उतरल्या, तेव्हा ५३,००० माणूस आत होता. हजारो लोकांना दारातूनच परत जावे लागले. पुन्हा ४-० असा विजय. त्या एका दिवसात धर्मादाय कामासाठी ३,११५ पौंड जमले.

वाचकहो, आता खरी गोष्ट सुरू होते. मुली वाईट खेळल्या असत्या, तर लोक हसले असते आणि विसरले असते. त्या चांगल्या खेळल्या, हीच अडचण झाली. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. फुटबॉल हा खेळ बायकांना शोभणारा नाही, म्हणून असोसिएशनच्या कोणत्याही क्लबाने आपले मैदान बायकांना देऊ नये! काही डॉक्टरांनीही हा खेळ स्त्रीच्या शरीराला घातक असल्याचे सांगितले. तोफगोळ्यांच्या कारखान्यात राबताना हेच शरीर कोणाला नाजूक वाटले नव्हते.

आणखी एक ठपका ठेवला गेला तो पैशाचा. जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो, असे म्हटले गेले. संघाची कर्णधार अ‍ॅलिस केल हिने उत्तर दिले. आम्ही कामकरी मुली आहोत, दूरगावी खेळायला गेलो तर कामाचा खाडा होतो, त्याची भरपाई मागण्यात चूक काय? दिवसाला १० शिलिंगांपेक्षा जास्त कोणी घेत नाही, असे तिने बजावले. हिशेब आपणच करू. २० शिलिंगांचा एक पौंड. अकरा जणींचे झाले साडेपाच पौंड. आणि गुडिसन पार्कवर जमा झाले ३,११५! खाडा ज्याच्या पगारातून कापला जातो, त्यालाच या उत्तराचे वजन कळेल.

मोठी मैदाने बंद झाली. मुली उघड्या माळावर, बागेत, मिळेल तिथे खेळल्या. १९२२ साली अमेरिकेला गेल्या आणि तेथे पुरुषांच्या संघांशी खेळल्या. पुढे कारखान्याशी संबंध तुटला, संघाचे नाव प्रेस्टन लेडीज झाले. तरी खेळ चालू राहिला, तो थेट १९६५ पर्यंत. या संघाच्या नावावर ८२८ सामने नोंदले आहेत. त्यांतले ७५८ जिंकले, ४६ बरोबरीत सुटले आणि हरले अवघे २४.

या संघातली एक मुलगी लक्षात ठेवा, लिली पार. सेंट हेलेन्सच्या गरीब घरातली, भावांबरोबर खेळून तयार झालेली. पंधराएक वर्षांची असताना ती संघात आली. तिच्या डाव्या पायाचा फटका असा, की गोलरक्षक बिचकत. मनोरुग्णालयात नर्सची नोकरी करीत ती १९५१ पर्यंत खेळली. बंदी उठली ती १९७० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ ५० वर्षांनी. लिली १९७८ साली वारली. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने २००२ साली आपल्या मानाच्या यादीत पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घातले, आणि २००८ मध्ये असोसिएशनने त्या जुन्या बंदीबद्दल माफी मागितली. ५३,००० च्या त्या गर्दीला मागे टाकणारा महिला क्लबांचा सामना व्हायला २०१९ साल उजाडले. माद्रिदमध्ये त्या दिवशी ६०,७३९ लोक होते.

माफी मिळाली, मान मिळाला. पण ज्या मुली त्या ५० वर्षांत म्हाताऱ्या झाल्या, त्यांची वर्षे कोण परत देणार?

म्हणून आम्ही आपल्या घराकडे बोट दाखवतो. मैदान बंद करायला दर वेळी ठराव लागत नाही. “आता मोठी झालीस, बाहेर कशाला?” एवढे एक वाक्य पुरते. मुलगा बॅट घेऊन निघाला की आपण वेळ विचारत नाही, मुलगी निघाली की भांडी आठवतात. ही बंदी कोणत्या असोसिएशनची नाही, ती आपल्याच उंबऱ्यावरची आहे, आणि आपणच ती आजच्या आज उठवू शकतो. या रविवारी भावाने बहिणीला सोबत मैदानावर न्यावे, भांडी त्याने आल्यावर घासावीत. लिली पारही भावांबरोबरच खेळायला शिकली होती.