सगळ्या खोड्यांना एकच धपाटा?

मैत्रिणींनो, या सदराकडे येणाऱ्या पत्रांतल्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. दही लागत नाही, कपाटाला कुबट वास येतो, सासूबाईंशी पटत नाही. गेल्या आठवड्यात बार्शीहून एका भगिनीनं जे पाकीट पाठवलं, त्यात मात्र पत्रासोबत एक यादी होती. मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्या साडेतीन वर्षांच्या चिरंजीवांनी घरात जे जे उद्योग केले, ते तिनं वाण्याच्या यादीसारखे एकाखाली एक लिहून काढले होते. एकूण अकरा कलमं!

त्यांतली काही तुम्हीही वाचाच. साखरेच्या डब्यात तांब्याभर पाणी ओतलं. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला बाबांच्या दाढीच्या क्रीमनं न्हाऊ घातलं. आजोबांचा चष्मा तांदळाच्या पिंपात पुरला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडलेला, त्यावर रेघोट्या ओढल्या (आता महिनाअखेरीला दूधवाला म्हणेल तेच खरं). कणकेचा गोळा टीव्हीमागच्या फटीत दडवला. शेजारच्या काकूंच्या चपला एकेक करून जिन्यातून खाली सोडल्या. स्टूल ओढत नेऊन गॅसचं बटण फिरवलं. पंख्याच्या छोट्या रिमोटचं झाकण उघडून आतला चपटा सेल काढला. आणि आठ महिन्यांच्या बहिणीला मांडी घालून, लाडेलाडे शेंगदाणे भरवले.

प्रत्येक कलमापुढं शिक्षाही लिहिली आहे. धपाटा, धपाटा, ओरडले, धपाटा. घरातली मंडळी म्हणतात, आईनं वळण लावलं नाही. यजमान म्हणतात, दिवसभर घरात असतेस, एक पोर आवरत नाही? पत्राच्या शेवटी ती लिहिते, “हल्ली तेल लावायला म्हणून हात वर केला तरी तो दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतो. माझं मन मला खातं. मी काय करू?”

ताई, तुमचं पोर द्वाड नाही. साडेतीन वर्षांचं आहे, इतकंच. पण तो डोकं झाकतो, ही गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि तुम्हालाही ती कळली आहे म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत.

मला तुमच्या यादीत खटकलं ते असं. साखर वाया गेली तर धपाटा, आणि बहिणीच्या घशात दाणा अडकता अडकता राहिला तरी तेवढाच धपाटा. यांतलं भयंकर कुठलं आणि किरकोळ कुठलं, हे त्या जिवानं ओळखायचं कशावरून? चपला खाली टाकताना तो जाणूनबुजून खोडी काढत होता. शेंगदाणे भरवताना मात्र आपण फार शहाण्यासारखं वागतो आहोत अशीच त्याची समजूत असणार. आई बाळाला भरवते, मग दादानंही भरवावं! अकरा कलमांतलं सगळ्यांत मायेचं कलम तेच, आणि सगळ्यांत धोक्याचंही तेच.

म्हणून आधी धोक्याचं बोलू. अकरांत अशी तीनच कलमं आहेत.

शेंगदाणे. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा देऊच नये, कूट करून द्यावं. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, दाणा नीट चावला जात नाही, आणि हसताना-पळताना तो श्वासनलिकेत शिरतो. म्हणजे हे तुमच्या छोटीपुरतं नाही, दादालाही लागू आहे. दाण्याचा डबा वरच्या फळीवर. समजा अडकलाच, आणि बाळ जोरात खोकतंय, रडतंय, तर त्याला खोकू द्यावं. खोकल्यासारखा दुसरा उपाय नाही. पण आवाजच फुटत नसेल, चेहरा काळानिळा पडू लागला, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली असं धरून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच थापा जोरात माराव्यात. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या टाचेनं पाच वेळा दाबावं, पुन्हा पालथं करून थापा. वस्तू बाहेर येईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत हे चालू ठेवायचं, आणि दुसऱ्या कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगायचं. तोंडात दिसत नसताना बोट घालून चाचपू नये, दाणा आणखी आत जातो. पुढच्या वेळी बाळाला लस टोचायला न्याल तेव्हा डॉक्टरांकडून किंवा नर्सबाईंकडून हे हातानं करून दाखवायला सांगा, नुसतं वाचून हात बसत नाही. आणखी एक. दाणा खाताना ठसका लागला, मग थांबला, पण दोन दिवसांनी छातीतून सूं-सूं येऊ लागलं, तर तो ठसका डॉक्टरांना आवर्जून सांगा. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. तुम्ही सांगितलंत तरच शोध लागतो.

चपटा सेल. हा नवा शत्रू आहे, आपल्या आयांना तो ठाऊकच नव्हता. छोटे रिमोट, गाणारी खेळणी, चमकणाऱ्या राख्या, वजनकाटे, सगळीकडे असतो. मुलानं नाणं गिळलं तर केळी खाऊ घालून वाट बघायची आपल्याकडे रीत आहे. सेलच्या बाबतीत ती वाट बघू नका! अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून गंभीर भाजल्यासारखी जखम करतो, आणि संपलेला सेलही करतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता, जिथे एक्स-रे निघतो अशा दवाखान्यात थेट जायचं. बरं, टाळायला लागतं काय? झाकणावर चिकटपट्टीचे दोन वेढे.

गॅसचं तर तुम्हाला मी काय सांगणार? स्वयंपाक उरकला की रेग्युलेटर बंद, कढईचा दांडा भिंतीकडे, आणि ते स्टूल स्वयंपाकघरातून हद्दपार. भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, घड्याळ लावून वीस मिनिटं. वीस मिनिटं पोराला रडत धरून ठेवणं फार जड जातं, तरी धरा. तूप, हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतलं काही नको. जाता जाता सांगते, दारावर येणारं सुटं फिनेल शीतपेयाच्या बाटलीत भरून न्हाणीघरात ठेवलेलं मी किती घरांत पाहिलं आहे! तहानलेल्या मुलाला बाटली ओळखता येते, वास नाही. पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. आणि न्हाणीतली भरलेली बादली रात्री रिकामी करून उपडी ठेवा. रांगतं मूल वाकलं की डोक्याच्या भारानं आत जातं, आणि त्याला वीतभर पाणीसुद्धा जास्त होतं.

झालं. तीन कलमांसाठी पोराला नव्हे, घराला वळण लावायचं.

आता उरलेल्यांतली बरीचशी कलमं पुन्हा वाचा. साखरेत पाणी, बाळकृष्णाची अंघोळ, कणकेचा गोळा, कॅलेंडरवरच्या रेघोट्या. ताई, ही सगळी तुमच्याच घरातली कामं आहेत. सरबत तुम्ही करता, देवाला अंघोळ आजोबा घालतात, कणीक तुम्ही तिंबता, कॅलेंडरवर आकडे तुम्हीच मांडता. पोरगा दिवसभर तुमची नोकरी करतोय, फक्त त्याला कुणी नेमलेलं नाही!

मारिया माँटेसरीबाईंनी 1907 साली रोममधल्या गरीब वस्तीत मुलांसाठी घर काढलं, तेव्हा मुलांना दिलेल्या कामांत हीच कामं होती. या भांड्यातून त्या भांड्यात पाणी ओतणं, झाडणं, पुसणं, बटणं लावणं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या यांवरच त्यांनी मुलांना मोजायला, जुळवायला, रचायला शिकवलं. आपल्या स्वयंपाकघरात याहून कमी सामान आहे का?

उद्यापासून सकाळी आजोबांच्या शेजारी एक छोटा पाट मांडा आणि बाळकृष्णाची अंघोळ नातवाकडे द्या. ताम्हन, पळी, पुसायला फडका, सगळं त्याचं. आजोबा आधी कुरकुरतील, पण दाढीच्या क्रीमपेक्षा बरं म्हणून कबूल होतील. पोळ्या करताना सुपारीएवढी कणीक त्याला द्या. ती काळी होईल, होऊ दे, त्याची पोळी त्यालाच भाजून द्या. दुपारी मोरीत एक पातेलं, दोन वाट्या आणि तांब्याभर पाणी देऊन बसवा. तेवढ्या पाण्यानं मोरी बुडत नाही. मात्र तिथे एकट्याला सोडायचं नाही. रेघोट्यांना गेल्या वर्षीचं कॅलेंडर त्याच्या उंचीवर टांगा. चिंचोके, राजमा, मणी असलं बारीक मात्र काही देऊ नका, छोटी आता रांगत असेल आणि दादा पुन्हा भरवायचा.

ही व्यवस्था करायला पहिले चार दिवस काम दुप्पट वाढतं, खोटं कशाला सांगू? मोबाइल हातात दिला की सगळं एका मिनिटात शांत होतं, हेही मला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं की या वयाला दिवसाकाठी तासाभराहून जास्त पडदा नको, आणि कमी असेल तेवढं बरं. तो तास मी तुम्हाला आनंदानं देते. जमलं तर स्वयंपाकाच्या ऐन घाईसाठी राखून ठेवा, जेवण भरवण्यात उधळू नका.

राहिल्या चपला, चष्मा आणि रात्री न झोपण्याचा हट्ट. या खोड्या खऱ्या. आठ महिन्यांपूर्वी आईच्या कुशीतली जागा गेली, आणि तेव्हापासून आई त्याच्याकडे पुरती वळते ती फक्त त्यानं काहीतरी पाडल्यावर. त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येईल? छोटी झोपली की पंधरा मिनिटं त्याची. भांडी राहू देत. आणि चपला त्याच्याकडूनच वर आणवायच्या, आपण बरोबर जाऊन, काकूंच्या दारात जोडीनं लावून. ओरडायचं नाही. जिने चढून चढून पाय दुखतात, ते त्याला समजतं.

आता मारण्याचं. “आम्ही नाही का मार खाल्ला, बिघडलो का?” हे वाक्य तुमच्या घरातही कुणीतरी म्हणत असेल. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेत मुलावर हात उगारायला बंदी केली. उद्या शाळेतल्या बाईंनी याला एक चापट मारली तर हीच घरातली मंडळी शाळेत जाऊन भांडतील. यशोदेनंही कृष्णाला उखळाला बांधलंच होतं; तो उखळ ओढत अंगणात गेला आणि दोन झाडं पाडून आला! धपाट्यानं पोर तेवढ्यापुरतं थांबतं, पण शिकतं ते एवढंच की आई जवळ आली की डोकं झाकावं. तेल लावताना, घास देतानासुद्धा.

त्याऐवजी तुमच्याजवळ एक शब्द आहे: ‘नको’. मंगळवारी तुम्ही तो किती वेळा वापरलात? शंभरदा तरी असेल. मग तो टाळीसारखा नुसता आवाज होतो. तो शब्द आजपासून विस्तव, वीज, पाणी, रस्ता आणि बाळाच्या तोंडात घातलेली वस्तू एवढ्यांपुरता ठेवा. तिथे मोठ्यानं, एकदाच, आणि त्याच क्षणी उठून हात धरा. इतर ठिकाणी “इथे नाही, तिथे ओत” असं म्हणा. महिन्याभरात फरक पडतो. आजोबा-आजींनाही हीच यादी सांगा, नाहीतर आई नको म्हणते आणि आजी “असू दे गं” म्हणते, यात पोराचं चांगलं फावतं.

आणि हात उगारलाच, तर स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं नाही. जवळ बसायचं आणि सांगायचं, “आईला राग आला होता, आईनं मारायला नको होतं.” असं म्हटल्यानं आईची किंमत कमी होत नाही. तेल लावायचं असेल तेव्हा आधी वाटी त्याच्यासमोर ठेवा, त्याच्या बोटानं तुमच्या हाताला तेल लावून घ्या, मग हात डोक्याकडे न्या. आठ-पंधरा दिवस असंच करा. झाकलेले हात आपोआप खाली येतात.

यजमानांचं काय करायचं? वाद नको. एखाद्या संध्याकाळी चहाच्या वेळी, ते समोर बसलेले असताना, सासूबाईंना सहज विचारा, “आई, हे लहानपणी फार गुणी होते का हो?” पुढचं काम सासूबाई करतील. मग हसता हसता रविवारची सकाळ त्यांच्याकडे सोपवा. दोन्ही मुलं, नाश्त्यासकट, नऊ ते अकरा. तुम्ही मंडईत जा. परत आल्यावर काही विचारू नका.

ताई, दुसरं पत्र जरूर पाठवा, आणि यादी कराल तेव्हा प्रत्येक खोडीपुढे धपाट्याच्या जागी वेळ लिहा. माझा अंदाज असा की बहुतेक कलमं जेवणाआधीच्या तासात आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळात पडतील. या वयाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते, आणि तुमच्या पत्रावरून तो रात्री दहालाही जागाच दिसतो. तसं असेल तर जेवण अर्धा तास अलीकडे आणा, रात्री साडेआठला दिवा मालवा, आणि मग किती कलमं उरतात ते मला कळवा.