तट आणि आकडा

दिवाळीत भांडण उकरून काढू नये, असा आमच्या घरचा जुना रिवाज आहे. यंदा तो मोडावयाचे मी ठरविले आहे. भांडण कोणा माणसाशी नाही. एका आकड्याशी आहे. हा आकडा हल्ली बुद्धिबळाच्या प्रत्येक पटाशेजारी, मोबाइलच्या काचेवर उभा असतो. 'अधिक दोन', 'उणे पाच' एवढीच त्याची भाषा. आणि शेजारी एक काळी-पांढरी पट्टी तापमापकातल्या पाऱ्यासारखी वर-खाली होत असते. खेळणारा कपाळाला हात लावून विचार करीत असतो, आणि पाहणारा मात्र पटाकडे न बघता त्या पाऱ्याकडे बघून म्हणतो, "गेला! हरला!"

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली जॉर्जियातल्या बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या रत्नागिरीतल्या आळीतही पुष्कळ पट माळ्यावरून खाली उतरले. मला त्याचा मनापासून आनंद आहे. ज्या ओटीवर पूर्वी आंब्याच्या भावाखेरीज दुसरी चर्चा नसे, तिथे आता उंट-घोड्यांच्या गोष्टी निघतात. पण पटाबरोबर हा आकडाही घरात शिरला, आणि त्याने पहिला घाला घातला तो आमच्या नातीवर.

गेल्या श्रावणात ती शेजारच्या तालुक्यात एका स्पर्धेला गेली होती. वय वर्षे अकरा. तिसऱ्या फेरीत तिच्यापुढे वयाने आणि नावाने मोठा असा एक मुलगा आला. एका चुकीपायी तिचे मोहरे गेले. अखेर तिच्याकडे राजा आणि एक उंट, त्याच्याकडे राजा आणि दोन हत्ती, अशी विषम स्थिती झाली. पण पोरीने एक गोष्ट साधली होती. दोन्ही बाजूंची सोळाच्या सोळा प्यादी एकमेकांसमोर जाम करून टाकली होती. तो मुलगा तासभर हत्ती फिरवीत बसला आणि शेवटी त्याने बरोबरी मान्य केली. ही बाहेर आली ती उड्या मारीतच. "आजोबा, मी दार लावून घेतलं!"

तेथे एक मार्गदर्शक गृहस्थ उभे होते. त्यांनी स्थिती मोबाइलवर मांडली, काचेवर नजर टाकली आणि म्हणाले, "अगं, तू उणे साडेपाचवर होतीस. नशीब म्हण तुझं." त्यांनी पट एकदाही पाहिला नाही. येताना एस.टी.त ती मुलगी गप्प होती. हातखंब्याचा फाटा आला तेव्हा तिने हळूच विचारले, "आजोबा, मग मी हरले होते का?"

माझे भांडण या प्रश्नापासून सुरू होते.

वाचकांनी फराळाचे ताट क्षणभर बाजूला सारून पट मांडावा. पांढरी प्यादी अशी ठेवा: डावीकडून पहिले, तिसरे, पाचवे आणि सातवे चौथ्या ओळीत, दुसरे, चौथे, सहावे आणि आठवे पाचव्या ओळीत. प्रत्येकाच्या नाकासमोर एकेक काळे प्यादे. करवतीच्या दात्यांसारखी ही भिंत पटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते. कोणतेही प्यादे पुढे सरकू शकत नाही, कोणाला कोणी मारू शकत नाही. आता काळ्याला दोन हत्ती द्या आणि भिंतीपलीकडे जाऊन दाखवा. जमणार नाही. हत्ती सरळ चालतो, आणि प्रत्येक सरळ वाट त्याच्याच प्याद्याने अडविली आहे. एखादा हत्ती आमिष म्हणून पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी दिला, तरी बुद्धिबळात मारण्याची सक्ती नाही. लोभ आवरला आणि भिंतीआड राजा इकडून तिकडे फिरवीत राहिले की झाले.

घरी आल्यावर मी त्या यंत्रालाच काळ्याच्या बाजूने बसविले आणि नातीला पांढऱ्याच्या. चाळीस खेळ्या झाल्या. हत्ती येरझारा घालीत होते, मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळी फिरावयास येणाऱ्या पेन्शनरांसारखे. आणि आकडा मात्र 'मी जिंकतो आहे' हेच सांगत होता. जिंकावयाचे कसे, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

आता हा आकडा येतो कोठून, ते पाहिले पाहिजे. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली यंत्राने बुद्धिबळ कसे खेळावे याचा आराखडा प्रसिद्ध केला. वजिराला नऊ, हत्तीला पाच, उंटाला आणि घोड्याला तीन, प्याद्याला एक असे भाव धरावयाचे. पुढच्या शक्य खेळ्यांच्या फांद्या जमतील तितक्या खोल तपासावयाच्या, आणि फांदीच्या टोकाशी जे दिसेल त्याची बेरीज करावयाची. आजची यंत्रे याहून कितीतरी सूक्ष्म अंदाज बांधतात. पण ते अंदाज होत, निवाडे नव्हेत. स्टॉकफिश या नामांकित यंत्राच्या कर्त्यांनी तर २०२२ साली आपल्या आकड्याचा अर्थच बांधून दिला: 'अधिक एक' म्हणजे, यंत्राने यंत्राशीच डाव खेळला तर जिंकण्याची शक्यता निम्मी. कर्ते स्वतः ज्याला शक्यता म्हणतात, त्याला आमचे हौशी पंडित निकाल म्हणतात!

शिवाय टोकाशी थांबण्यात एक खोड आहे. तिला संगणकशास्त्रात 'क्षितिजाचा दोष' असेच नाव आहे. भाट्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समुद्र एका रेषेपाशी संपलेला दिसतो. मिरकरवाड्याचा कोळी त्या रेषेला समुद्राचा शेवट मानीत नाही. यंत्र मात्र रेषेपर्यंत जे दिसते त्याची मोजदाद करते. बंद भिंतीच्या डावात ते वीस खेळ्या पुढे पाहते, तेव्हाही दोन हत्ती शाबूत. चाळीस खेळ्या पुढे पाहते, तेव्हाही शाबूत. मग आकडा का उतरावा? 'येथून पुढे कधीच काही घडणार नाही' हे वाक्य माणूस एका दृष्टिक्षेपात उच्चारतो. फांद्या मोजून ते हाती येत नाही.

ही एका पोरीच्या डावाची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. पुढे २०२० साली ज्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या रॉजर पेनरोज यांच्या नावाच्या संस्थेने २०१७ साली एक स्थिती लोकांपुढे ठेवली. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि चक्क तीन उंट! पण वजीर आणि हत्ती कोपऱ्यात आपल्याच प्याद्यांच्या गर्दीत चेंगरलेले, आणि तिन्ही उंट काळ्या घरांवरून चालणारे. पांढरा राजा पांढऱ्या घरांवरून निर्धास्त फिरत राहतो. त्याला शह देणारा कोणी नाही. पट जाणणारा माणूस थोड्या विचाराने 'बरोबरी' म्हणतो. त्या वेळची यंत्रे काळ्याला मोठा विजय बहाल करीत होती.

आणि लोभाने फसावयास यंत्रच असावे लागते असेही नाही. टिग्रान पेट्रोस्यान १९६३ ते १९६९ जगज्जेता होता, आणि बचावाच्या कलेत त्याचा हात धरणारा नव्हता. १९७० साली बेल्जियममधल्या शिल्डे येथे हझाई नावाच्या हंगेरियन तरुणाने, डाव हातचा जात असताना, आपला वजीर त्याच्या घोड्यापुढे उभा केला. पेट्रोस्यानने तो मारला. पुढच्याच खेळीला वाट फोडण्यासाठी कडेचे प्यादे रेटले, आणि हझाईने उरलेले दारही लावून टाकले. पेट्रोस्यानपाशी वजीर, हझाईपाशी नुसता उंट. आणि डाव बरोबरीत! तट बांधण्यात ज्याने हयात घालविली, तोच तटाबाहेर राहिला. बेरजेने पाहणारा यंत्र असो की जगज्जेता, तटाशी त्याची फसगत व्हावयाचीच.

येथे माझे एक स्नेही हटकून म्हणतील, "अहो, ज्या यंत्राने कास्पारॉव्हला हरविले, त्याला तुम्ही रत्नागिरीत बसून शिकविणार?" आक्षेप रास्त आहे, आणि मी त्याला बगल देणार नाही. आज मोबाइलमधले यंत्रही कोणत्याही माणसाला हरवील. ज्या स्थितींपुढे काल ते अडत होते, त्यांतल्या पुष्कळ आज ते सोडविते. इतकेच नव्हे, माणसाने अभेद्य मानलेल्या एका तटाला यंत्रानेच खिंडार पाडले आहे. दोन उंटांविरुद्ध एकटा घोडा विशिष्ट जागी बसला तर डाव बरोबरीत सुटतो, असे क्लिंग आणि हॉरविट्झ यांनी १८५१ साली लिहिले, आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सगळ्यांनी ते मानले. केन थॉम्प्सन यांनी १९८३ साली यंत्राकडून त्या शेवटाची एकूण एक स्थिती तपासून घेतली आणि दाखविले की उंट जिंकतात. फार तर ६६ खेळ्या लागतात. आमचा 'कधीच नाही' हा शब्दही तपासून घ्यावा लागतो, हे मी मान्य करतो.

पण थॉम्प्सन यांनी काय केले ते नीट पाहा. त्यांनी आकडा दाखविला नाही, वाट दाखविली. पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंतची वाट. ते ज्ञान, त्यापुढे मी टोपी काढतो. 'उणे साडेपाच' ही वाट नव्हे. ती नुसती दटावणी.

आणि दटावणीला भिऊन काय होते, तेही कास्पारॉव्हच्याच गोष्टीत आहे. त्याने १९९६ साली डीप ब्लू या यंत्राला ४-२ असे हरविले होते. न्यूयॉर्कला १९९७ च्या मे महिन्यात दोघे पुन्हा भेटले, आणि दुसऱ्या डावात कास्पारॉव्हने राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच साथीदारांनी त्याला सांगितले की त्या स्थितीत वारंवार शह देऊन डाव बरोबरीत सोडविण्याची वाट होती. जगातल्या सर्वांत लढाऊ खेळाडूने ती शोधलीच नाही. का? यंत्राला ती दिसली असती तर यंत्राने ती मोकळी ठेवली नसती, असे त्याने गृहीत धरले. पुढे तो सामना अडीच विरुद्ध साडेतीन असा हरला. यंत्राच्या बळाने तो किती डाव हरला ते तज्ज्ञ सांगोत. निदान हा एक डाव तो यंत्रावरच्या श्रद्धेने हरला.

कोकणच्या माणसाला तरी हे निराळे सांगावे लागू नये. मुरुडचा जंजिरा आठवा. माणसे, पैसा, मुलूख यांची बेरीज मांडली तर सिद्दी कुठल्या कुठे. संभाजी महाराजांनी १६८२ साली खाडी बुजवून किल्ल्यापर्यंत वाट बांधावयास काढली, इतका निकराचा प्रयत्न झाला. तरी १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत तो किल्ला सिद्दींकडेच होता. आपल्या हृदयाला हे बोचते. पण तट म्हणजे काय ते यातून कळते. भोवतीचे पाणी बेरजेत कोणी धरीत नाही, आणि लढाई तर त्या पाण्यानेच ठरते.

आता माझे मागणे ऐका, आणि ते फार मोठे नाही. यंत्र फेकून द्या, असे मी म्हणत नाही. मुलाने डाव खेळून यावा, घरी पट मांडावा, आणि पहिला तासभर मोबाइल फडताळात असावा. मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगावे: येथे मला काय दिसले, येथे मी का भ्यालो, येथे मी काय केले. त्यानंतर यंत्राला खुशाल विचारा. पण 'किती?' असे विचारू नका, 'कसे?' असे विचारा. यंत्राने वाट दाखविली तर कान पकडून शिका. वाट न दाखविता नुसताच आकडा दाखविला, तर त्याला नम्रपणे सांगा, "साहेब, आधी आत येऊन दाखवा." आणि स्पर्धेच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, मार्गदर्शकांनी एवढे तरी करावे: बाहेर येणाऱ्या पोराच्या चेहऱ्याकडे आधी बघावे, पटाकडे मग, आणि काचेकडे सर्वांत शेवटी. अकरा वर्षांच्या मुलीने दोन हत्तींपुढे दार लावून घेतले, याला नशीब म्हणणे हा तिच्या बुद्धीचा अपमान आहे. असा अपमान दोन-चारदा झाला की मूल दार लावून घ्यावयाचे सोडते; मोहरा गेला की राजीनामा देऊन मोकळे होते. यंत्राचा आकडा मग आपोआप खरा ठरू लागतो, कारण त्याला खोटा पाडणारा कोणी उरत नाही.

काल नरकचतुर्दशीला पहाटे कारिट फोडून झाले आणि मुले अंगणातल्या किल्ल्याकडे धावली. यंदा रत्नदुर्ग केला आहे. जांभ्याच्या चिऱ्यांवर लाल माती लिंपून, तीन बाजूंना परातीतला समुद्र. उतारावर पेरलेली नाचणी दोन बोटे वर आली आहे. नातीने तटाची भिंत सरळ न बांधता करवतीसारखी दातेरी बांधली. धाकट्या भावाने विचारले, "ताई, अशी का गं?"

ती म्हणाली, "आत येऊन दाखव, मग सांगते."

हातखंब्याच्या फाट्यावर तिने विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर द्यावयाचे राहिले होते, ते आज छापून देतो: नाही, पोरी. तू हरली नव्हतीस.