विसाव्याचा अधिकार

बुलढाणा जिल्ह्यात, मग ते घाटावरचे चिखली-मेहकर असो की घाटाखालचे मलकापूर-नांदुरा, श्रमाला जी प्रतिष्ठा आहे ती सर्वस्वी न्याय्य आहे. परंतु या प्रतिष्ठेच्या आडोशाने एक वेगळीच समजूत समाजमनात मुरली आहे, ती अशी की, दिवसा टेकलेला माणूस आपले कर्तव्य चुकवत असतो. त्यामुळे कापसाच्या वेचणीवरून परतलेली बाई घटकाभर आडवी होताना घरातले उरलेले काम आठवून ओशाळते, आणि बांधावरच्या कडुनिंबाखाली बसलेला शेतकरी रस्त्याने जाणाऱ्याला न विचारताच बसण्याचे कारण सांगतो. चूक केलेली नसतानाही स्वतःला दोषी धरण्याच्या या वृत्तीला अपराधभाव म्हणतात. हा अपराधभाव सद्गुण मानला जात असला तरी तो श्रमाचीच हानी करतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असून, त्याच्या मांडणीपूर्वी प्रतिपक्षाचे तीन आक्षेप तपासणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की, विश्रांतीला मोकळीक दिली की आळस बळावतो, म्हणून विसावा आधी कामाने कमवावा आणि मगच घ्यावा. या आक्षेपात दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे. कारण शक्ती असताना कर्तव्य टाळणे म्हणजे आळस, तर खर्ची पडलेली शक्ती भरून काढणे म्हणजे विश्रांती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शरीराला तोलून धरणारे तीन उपस्तंभ, म्हणजे आधाराचे खांब, सांगितले आहेत, आणि त्यांत आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेची गणना केली आहे. ज्या शास्त्राने झोपेला अन्नाच्या पंक्तीत बसवले, त्याच्या दृष्टीने ती कामाचे बक्षीस नसून जगण्याचा पाया ठरते. कर्मयोगाचा आधार घेऊन विश्रांतीचा निषेध करणाऱ्यांनी गीतेचा सहावा अध्यायही पाहावा. अतिझोपेप्रमाणेच अतिजागरणही योगाला बाधक असल्याचे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

दुसरा आक्षेप शेतीच्या हंगामाचा आहे: पेरणी एका दिवसाने हुकली तर वर्ष हातचे जाते, तेव्हा शेतकऱ्याने थांबायचे कसे, असे विचारले जाते. हंगामाची निकड खरी आहे आणि ती कोणीही नाकारू नये; तथापि थांबण्याचे शास्त्रही त्याच शेतीने शिकवले आहे. पावसानंतर जमिनीतील ओल आणि हवा यांचा मेळ बसून औत चालण्याजोगी स्थिती येते, तिला वाफसा म्हणतात. काळ्या, चिकण जमिनीत वाफशापूर्वी औत घातले तर माती दबते, ढेकळे धरतात आणि पुढच्या पिकाची मुळे कोंडतात. म्हणून जाणता शेतकरी वाफशाची वाट पाहतो आणि ते थांबणे मशागतीतच जमा धरतो. जमिनीच्या बाबतीत मान्य असलेला हा विवेक कसणाऱ्याच्या देहाला नाकारण्याचे कोणतेही सयुक्तिक कारण दिसत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि निंदणाची रोजावर. तेव्हा हात थांबला की चूल थांबते, आणि विश्रांतीची भाषा पोट भरलेल्यांनाच शोभते, असे म्हटले जाते. यातील वस्तुस्थिती निर्विवाद आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. विसावा परवडू न देणारी मजुरी हा मजुरीचा दोष आहे, विसाव्याचा नव्हे. आणि अपराधभावाचे सर्वांत मोठे नुकसान हेच की, तो व्यवस्थेचा हा दोष मजुराच्या अंगावर ढकलतो. भारतातील साप्ताहिक सुट्टी पोट भरलेल्यांनी मागितली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ मध्ये रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची मधली सुट्टी मागितली, सहा वर्षे ती मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे रूप दिले. विसावा मागताना हे कामगार लाजले असते, तर आजचा रविवार उगवला नसता.

खंडनानंतर मंडनाकडे वळताना या जिल्ह्याची एक जुनी रीत विचारात घ्यावी लागते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होते, म्हणजे जुवाने घासलेले बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकले जातात, आणि पोळ्याच्या दिवशी बैलाला औताला जुंपले जात नाही. त्या दिवशी बैलाने वर्षभरात किती एकर नांगरले याचा हिशेब कोणी मागत नाही. तो राबतो, एवढ्यावरच त्याचा विसावा सिद्ध होतो. कायद्यानेही हीच दृष्टी स्वीकारली आहे. ओढकाम करणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या प्राण्यांविषयीच्या १९६५ च्या नियमांनुसार जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही; तसेच तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात त्याला कामाला लावता येत नाही. घाटाखालच्या तालुक्यांत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बैलासाठी नियम उभा असतो आणि त्याच शिवारात काम करणाऱ्या बाईने मात्र सावलीत बसण्याची लाज बाळगावी, ही विसंगती कोणत्याही नीतिशास्त्रात बसणारी नाही.

मनुष्याच्या विसाव्यालाही आधार नाही असे नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे २४ वे कलम विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येकाचा हक्क मानते, आणि २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार यांच्याबरोबर विश्रांतीच्या वेळेसाठी सावलीची तरतूद सांगितली. परंतु हक्क घेणाऱ्याच्या मनातच तो घेण्याची लाज असेल, तर कागदावरची तरतूद कागदावरच राहते. म्हणून उन्हाळी कामांच्या वेळा सकाळ-संध्याकाळात बांधणे, मजुरीच्या दरात विश्रांतीचा वेळ धरणे आणि शेतावरून परतलेल्या स्त्रीच्या घरकामात पुरुषांनी वाटा उचलणे, ही या विचाराची व्यवहारातील फलिते होत. आणि त्या सर्वांच्या आधी, थकलेल्या देहाने कोणालाही कारण न देता टेकावे, हे कुटुंबाने आणि गावाने उघडपणे मान्य करणे अगत्याचे आहे. श्रमाचा सन्मान करणाऱ्या समाजाने श्रमिकाच्या विसाव्याचाही सन्मान केला पाहिजे. एरवी त्याचा आदर कामाला मिळतो, काम करणाऱ्या माणसाला नाही.