व्यवस्थापक कोण?

स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावरील मार्केट यार्डात आडत्याला परवाना लागतो, तोलणाऱ्यालाही लागतो. काट्यावर वैधमापनाची मुद्रा नसेल तर त्यावर तोललेला माल कोणी मान्य करीत नाही. याच परिसरातील घरांत वृद्ध आईवडिलांना सांभाळगृहात ठेवण्याचा विषय आता दबक्या आवाजात का होईना, निघू लागला आहे. त्या गृहाच्या व्यवस्थापकाला मात्र कसलाही परवाना लागत नाही.

भिंतीवरचे नोंदणीपत्र हीच त्याची हमी, असे पुष्कळांना वाटते. 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी होते ती संस्थेची. पुण्यात ती महापालिका देते आणि मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. प्रमुख व्यक्ती पात्र डॉक्टर किंवा परिचारिका असावी व तेथेच राहणारी असावी, असे कायदा म्हणतो. तिला कारभार येतो की नाही, हे तो विचारत नाही. केवळ निवास आणि भोजन देणारा वृद्धाश्रम तर या चौकटीतच बसत नाही. अमेरिकेत 1967 च्या कायद्याने प्रत्येक राज्याला शुश्रूषागृहाच्या प्रशासकासाठी परवाना ठेवणे भाग पडले. परीक्षा देऊन आणि बहुतेक ठिकाणी अनुभवी प्रशासकाच्या हाताखाली काम करूनच तो मिळतो.

हे काम चाव्या सांभाळण्याचे नव्हे. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावे लागते. जैववैद्यकीय कचरा 48 तासांपलीकडे साठवता येत नाही. रात्रपाळीची परिचारिका आली नाही तर बदली कोण, हे संध्याकाळपूर्वी ठरलेले असावे लागते. आणि चौविहार पाळणाऱ्या आजी सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाहीत, मग रात्री नऊच्या गोळीचे काय? प्रशिक्षित व्यवस्थापक प्रवेशाच्याच दिवशी हे विचारतो, डॉक्टरांकडून वेळ बदलता येईल का ते ठरवून घेतो आणि नोंदवहीत लिहितो. अप्रशिक्षित मनुष्य गोळी उशाशी ठेवून निघून जातो. सकाळी ती तशीच सापडते.

हे शिकवणाऱ्या संस्था दूर नाहीत. पुण्यात सिंबायोसिसमध्ये आणि मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. अडचण निराळीच आहे. कोनशिलेला, सभागृहाला, लिफ्टला दाते मिळतात. व्यवस्थापकाच्या पगारासाठी देणगी देणारा क्वचित सापडतो. मग ती खुर्ची एखाद्या निवृत्त नातलगाकडे जाते. दुकानाची गल्ला-वही ज्याच्या हाती देण्यापूर्वी हेच विश्वस्त दहा वेळा विचार करतील, त्याच्या हाती चाळीस वृद्धांची औषधे एका सभेत दिली जातात, आणि इतिवृत्तात तो ठराव ‘इतर विषय’ या मथळ्याखाली असतो.