शासकीय संगणकांवरील पासवर्ड व सुरक्षा सेटिंग्ज बदलण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रधान सचिव,
माहिती तंत्रज्ञान विभाग,
मंत्रालय, मुंबई

विषय : राज्यातील शासकीय कार्यालयांच्या विंडोज संगणकांवर पासवर्ड आणि वापरकर्ता खात्यांचे किमान मानक लागू करणे.

महोदय,

ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावला की संगणक सुरक्षित झाला, हा समज सोडून द्यावा आणि तोच जोर खाती वेगळी करण्यावर व प्रशासक पासवर्डवर द्यावा, एवढ्यासाठी हे निवेदन आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जून २०२२ मध्ये केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या सूचनांत दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलण्यास सांगितले आहे. राज्याने आपले मानक ठरवताना हा कित्ता गिरवू नये. मुदत संपल्याचा संदेश आला की माणूस नवा पासवर्ड शोधत बसत नाही. जुन्याच्या शेवटचा १ खोडून २ करतो. २०१० मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी बंद झालेल्या सुमारे ७,७०० खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. जुना पासवर्ड हाती असल्यास जवळपास १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड सरासरी पाचाहून कमी प्रयत्नांत ओळखता येतो, असे त्यांना आढळले. त्यानंतर २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने कारणाशिवाय पासवर्ड बदलायला लावू नका, असे सुचवले आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून मुदतीची अट वगळली.

चोरीला गेलेला पासवर्ड मग कायम चालूच राहील, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पण चोर ४५ दिवस थांबत नाही. त्याचे काम बहुधा पहिल्या दिवशीच उरकते. म्हणून संशय येताच पासवर्ड बदलावा आणि कर्मचाऱ्याची बदली वा निवृत्ती झाली की खाते त्याच दिवशी बंद करावे. मुदतीच्या जागी किमान १४ अक्षरांची अट ठेवावी. तालुक्याच्या कार्यालयात एवढे कोण लक्षात ठेवणार, असे विचारले जाते. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग टंकले तर १४ अक्षरे सहज भरतात, आणि चिन्हे-आकड्यांच्या खिचडीपेक्षा ते लक्षात राहायला सोपे जातात. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते दहा मिनिटे बंद राहावे. त्याहून कडक अट घातली, तर कोणीही खोडसाळपणे सहकाऱ्याचे काम अडवू शकेल.

यापेक्षा गंभीर बाब प्रशासक खात्याची आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रणालीने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. ज्या त्रुटीतून ती पसरत होती तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. तरीही दुरुस्ती केलेले संगणक वाचतीलच असे नव्हते, कारण ती प्रणाली एका संगणकाच्या स्मृतीतून लॉगिनचे तपशील उचलून त्याच अधिकाराने दुसऱ्यात शिरत असे. संगणक बसवणारा पुरवठादार सगळ्या यंत्रांना एकच प्रशासक पासवर्ड देऊन गेला असेल, तर अशा प्रणालीला वाट आयती मिळते. दैनंदिन काम साध्या खात्यातूनच व्हावे आणि प्रत्येक यंत्राचा प्रशासक पासवर्ड वेगळा असावा. जिथे संगणक डोमेनला जोडलेले आहेत तिथे ही व्यवस्था एप्रिल २०२३ च्या अद्यतनापासून विंडोजमध्येच आहे. सुटे संगणक असतील तिथे पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाच्या कपाटात ठेवला तरी चालेल. उपाय जुन्या वळणाचा आहे, पण इंटरनेटवरून ते कपाट कोणाला फोडता येत नाही.

राहिला प्रश्न एकाच लॉगिनवर चौघांनी काम करण्याचा. पदे रिक्त असतात, दाखल्यासाठी लोक ताटकळत असतात, मग साहेबांचाच पासवर्ड टेबलावरच्या चिठ्ठीवर येतो. इथे कर्मचाऱ्याला नोटीस काढून काही साधणार नाही. प्रभारी कार्यभाराचा आदेश निघतो त्याच दिवशी संबंधिताचे स्वतंत्र खाते आणि अधिकार तयार करून द्यावेत. नोंद कोणी बदलली हे त्याशिवाय चौकशीत सिद्ध करता येणार नाही, आणि ज्याच्या नावाचे लॉगिन तो निर्दोष असूनही अडकेल. पाच मिनिटे हालचाल नसल्यास पडदा आपोआप कुलूपबंद होण्याची सेटिंगही याच आदेशात असावी.

खर्चाची सबब इथे फारशी टिकत नाही, कारण यातील बहुतेक सेटिंग्ज विंडोजच्या प्रो आवृत्तीत आधीपासून आहेत. होम आवृत्ती घेतलेल्या कार्यालयांची अडचण मात्र खरी आहे, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबल्यामुळे जुन्या यंत्रांसाठी तरतूद करावीच लागेल. ती होईपर्यंत बाकीचे थांबवू नये. वरील मानकाचा शासन निर्णय काढावा, प्रत्येक जिल्ह्यात अंमलबजावणीसाठी जबाबदार अधिकारी नेमावा आणि तपासणीच्या अर्जातील ‘पासवर्ड शेवटचा कधी बदलला’ हा रकाना काढून तिथे ‘प्रशासक खाती किती व कोणाकडे’ हा रकाना घालावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारे नागरिक

प्रत माहितीसाठी : सर्व जिल्हाधिकारी