शिक्षेवरचा युक्तिवाद

मी अर्धापूरचा, नांदेडच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. आमच्याकडच्या अपिलांत शेवटचा मुद्दा ठरलेला असतो : ‘शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त आहे.’ त्यावर युक्तिवाद मात्र क्वचितच होतो. सगळा जोर निर्दोषत्वावर.

शिक्षा कमी करण्याचा अधिकार अपिली न्यायालयाला आहेच. आरोपीच्या अपिलात ती वाढवता येत नाही, त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं. पण उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठापुढे जातात ते फक्त कागद. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीला ऐकायचं असतं, तिथे नोंद काय होते? ‘घरी म्हातारे आईवडील, लहान मुलं, दया व्हावी.’ दोन ओळी. एवढ्यावर वरच्या न्यायाधीशांनी माणूस कसा तोलायचा?

माणूस न तोलता शिक्षा दिली की काय होतं, ते बघा. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयात फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही पुन्हा फाशीवर नेली. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर सिद्ध झालं. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. २००९ पर्यंत तीन न्यायालयांतून प्रकरण गेलं आणि वयसुद्धा कुणाला दिसलं नाही!

फाशीच्या खटल्यांत आरोपीची पार्श्वभूमी सत्र न्यायालयातच गोळा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. सात-दहा वर्षांच्या शिक्षेलाही ते लागू करा. शिक्षेच्या सुनावणीला वेगळी तारीख द्या आणि वकील मंडळींनी त्या दिवशी शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद घेऊन यावं.